तासाला सहाशे डाव

व्हिडिओ पोकरच्या पडद्यावर पत्त्यांच्या वर एक तक्ता असतो. पाच पानांच्या कोणत्या हाताला किती पट पैसे मिळतील, ते त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक खेळणारे तो वाचत नाहीत. ज्यांना हा खेळ खरंच कळतो ते मात्र पैसे लावण्याआधी त्यातल्या दोन ओळी बघतात: फुल हाउसला, म्हणजे तीन सारख्या आणि दोन सारख्या पानांना, किती आणि फ्लशला, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांना, किती. ‘जॅक्स ऑर बेटर’ या सर्वांत प्रचलित प्रकारात फुल हाउसला नऊ पट आणि फ्लशला सहा पट असेल, तर अचूक खेळणाऱ्याला लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी ९९ रुपये ५४ पैसे परत येतात. नवाचे आठ आणि सहाचे पाच केले की हाच आकडा ९७ रुपये ३० पैशांवर उतरतो. फुल हाउसला सहा आणि फ्लशला पाच असेल, तर ९५ रुपये. पत्ते तेच, आवाज तोच, झगमगाट तोच. तक्त्यातले दोन आकडे खाली आले आणि खेळवणाऱ्याचा नफा दहापटीहून जास्त वाढला.

खेळ समजायला दोन मिनिटं पुरतात. यंत्र पाच पानं वाटतं, खेळणारा हवी ती ठेवतो, उरलेली टाकतो, तेवढीच नवी पानं येतात आणि डाव संपतो. समोर दुसरा खेळाडू नाही, पत्ते वाटणारा नाही, कोणाचा चेहरा वाचायचा नाही. नेवाडात जुगाराची यंत्रं विकणाऱ्या सी रेड यांनी १९७९ मध्ये ‘ड्रॉ पोकर’ हे यंत्र बाजारात आणलं. त्यांचीच कंपनी पुढे इंटरनॅशनल गेम टेक्नॉलॉजी या नावाने मोठी झाली. खेळ खरा रुजला तो मात्र नुसत्या गुलामांच्या जोडीवरही लावलेले पैसे परत मिळू लागले तेव्हा. त्या परत मिळालेल्या पैशांबद्दल पुढे बोलायचं आहे, कारण सगळी मेख तिथे आहे.

बावन्न पानांतून पाच पानांचे २५ लाख ९८ हजार ९६० वेगवेगळे हात होतात. प्रत्येक हातात काय ठेवावं आणि काय टाकावं, याचा हिशेब संगणकाने केव्हाच करून ठेवला आहे. त्यामुळे व्हिडिओ पोकरबद्दलचे सल्ले हवेतले नसतात. लहान पानांची जोडी हातात असेल तर ती ठेवावी, सिक्वेन्सच्या आशेने सलग चार पानं ठेवू नयेत. जोडीसोबत एक्का ‘असू दे’ म्हणून ठेवू नये, तिन्ही पानं टाकावीत. एकाच रंगाची दहा ते एक्का या पाचातली चार पानं आली असतील, तर हातात तयार असलेला फ्लशही मोडावा आणि रॉयल फ्लशसाठी एक पान बदलावं. नेहमी पाच कॉइन लावावेत, कारण एक ते चार कॉइनवर रॉयल फ्लशला कॉइनमागे २५० मिळतात आणि पाच लावले तर ८००. तेवढे पैसे लावायचे नसतील तर कॉइनची किंमत कमी करावी, संख्या कमी करू नये. हे सगळं गणिताने खरं आहे.

आणि नेमकं म्हणूनच ते घातक ठरतं. स्लॉट मशीनवर बसणाऱ्याला मनातून ठाऊक असतं की आपल्या हातात काही नाही. व्हिडिओ पोकर खेळणाऱ्याला वाटतं, आपल्याला येतं. हुशार, हिशेबी, परीक्षेत चांगले गुण मिळवलेला माणूस या खेळात जास्त अडकतो, कारण इथे अभ्यासाचं फळ मिळताना दिसतं. ते मिळतंही. फक्त ते फळ म्हणजे नुकसान कमी होणं, हे कोणी सांगत नाही. ‘टिप्स’ देणाऱ्यांच्या यादीत घड्याळ नसतं.

ते घड्याळ महाराष्ट्राला ओळखीच्या एका जुगाराशी ताडून बघता येतं. गिरणगावाने मटका पाहिला. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावाने चालणारे मटके मुंबईच्या चाळीचाळींत पोचले आणि कित्येक गिरणी कामगारांचे पगार त्यांनी गिळले. मटक्यात एका आकड्यावर रुपया लावला तर नऊ मिळत आणि आकडा लागण्याची शक्यता दहात एक. म्हणजे शंभरामागे दहा रुपये चालवणाऱ्याचे. व्हिडिओ पोकरच्या वरच्या तीनांतल्या सगळ्यात वाईट तक्त्याशी तुलना केली तरी मटका दुप्पट महाग वाटतो. पण मटक्यात दिवसाला निकाल दोनच, ओपन आणि क्लोज. दोन्हींवर वीस-वीस रुपये लावणारा दिवसाला सरासरी चार रुपये घालवत असे. सरावलेला माणूस व्हिडिओ पोकरचे मिनिटाला दहा, म्हणजे तासाला सहाशे डाव सहज खेळतो. डावाला वीस रुपये धरले तर तासाभरात बारा हजार रुपये त्याच्या बोटाखालून जातात. सहा-पाचच्या तक्त्यावर त्यातले सरासरी सहाशे रुपये जातात. मटक्याच्या दिवसभराच्या दीडशे पट, आणि तेही एका तासात. नऊ-सहाचा उत्तम तक्ता आणि एकही चूक न करणारा खेळाडू धरला तरी तासाला पंचावन्न रुपये जातात. माणूस थकलेला असेल, झोप आलेली असेल, दोन पेग पोटात असतील, तर तो चुका करणारच, आणि मग तक्त्यावरचा आकडा त्याच्यासाठी खरा राहत नाही.

ऑनलाइन जुगाराबद्दल बोलताना शंभरामागे किती जातात एवढंच विचारणं अपुरं आहे. तासाला किती वेळा जातात, हे विचारायला हवं.

ब्रिटनने हे ओळखलं. तिथे जुगार कायदेशीर आहे, तरीही ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटच्या दोन फेऱ्यांमध्ये किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं झालं आणि बटण न दाबता आपोआप खेळ चालू ठेवण्याची सोय बंद झाली. एप्रिल २०२५ पासून एका फेरीला पाच पौंडांची मर्यादा आली, आणि पुढच्याच महिन्यात १८ ते २४ वयोगटासाठी दोन पौंडांची. मोह पूर्ण थांबवता येत नसेल तर निदान वेग तरी थांबवावा, हा त्यामागचा विचार होता.

आता त्या परत मिळणाऱ्या पैशांकडे. नऊ-सहाच्या खेळात शंभरातल्या साधारण ५४ ते ५५ डावांत सगळं जातं. आणखी २१ ते २२ डावांत फक्त लावलेलं परत येतं, आणि यंत्र तेव्हाही जिंकल्यासारखं वाजतं. खरा नफा उरलेल्या पाव भागात, त्यातही बहुतेक दोन जोड्या आणि तीन सारख्या पानांचा. जो ९९ रुपये ५४ पैशांचा आकडा सगळे सांगतात, त्यात जवळपास दोन रुपयांचा वाटा एकट्या रॉयल फ्लशचा आहे, आणि तो सुमारे चाळीस हजार डावांत एकदा येतो. सहाशेच्या वेगाने म्हणजे सदुसष्ट तास सलग खेळावं लागेल. चाळीस हजार डाव खेळूनही शंभरातल्या सदतीस जणांना तो एकदाही दिसत नाही. ‘इतके तास झाले, आता यायलाच हवा’ असं वाटतं ते इथेच. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटचा चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला आणि ‘आता तांबडंच येणार’ म्हणून लोकांनी लाखो फ्रँक घालवले. चेंडूला मागचं आठवत नाही, तसं पत्त्यांनाही आठवत नाही.

नताशा डाऊ शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास वेगासमधल्या यंत्रांवर खेळणाऱ्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि २०१२ मध्ये त्यावर ‘अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन’ हे पुस्तक लिहिलं. त्यांना भेटलेले अनेक जण जिंकण्यासाठी खेळतच नव्हते. घर, कर्ज, नोकरी, शरीर, सगळं विसरायला लावणाऱ्या एका तंद्रीत राहता यावं म्हणून ते खेळत होते, आणि जिंकलेले पैसेही त्या तंद्रीत आणखी थोडा वेळ राहण्यासाठीच वापरत होते. घरातला तरुण रात्री दोन वाजता मोबाइलवर पत्ते बदलत बसलेला दिसला, की ‘पैशाचा लोभ सुटला’ एवढंच म्हणून चालत नाही. लोभ असता तर जिंकल्यावर तो थांबला असता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचं व्यसन हा मान्य विकार आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ मध्येच त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवलं.

इथपर्यंतचा सगळा हिशेब एक गोष्ट गृहीत धरून केला आहे: पत्ते खरोखर पिसलेले आहेत. नेवाडात तसा नियम आहे. यंत्रावर पत्ते दाखवले तर प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या कॅटमधल्याइतकीच असली पाहिजे, आणि ते तपासणारं सरकारी मंडळ आहे. तिथेही रॉन हॅरिस नावाच्या त्याच मंडळाच्या संगणकतज्ज्ञाने यंत्रांत फेरफार केले, आणि १९९५ मध्ये अटलांटिक सिटीत केनो या जुगारातले आकडे आधीच ओळखून एक लाख डॉलर मिळवण्याच्या प्रयत्नात तो पकडला गेला. कुंपणानेच शेत खाल्लं, पण निदान कुंपण होतं आणि चोर सापडला.

इंटरनेटवर काय होतं? १९९९ मध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात त्या ऑनलाइन पोकरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने आपला खेळ सचोटीचा आहे हे पटवून देण्यासाठी पत्ते पिसण्याची पद्धत जाहीर केली. ती वाचून अमेरिकेतल्या काही संगणकतज्ज्ञांनी तिच्यातली खोट शोधली. बावन्न पानं पिसण्याचे प्रकार इतके आहेत की तो आकडा लिहायला अडुसष्ट अंक लागतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र पिसणं मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावर ठरत होतं, म्हणजे फक्त ८ कोटी ६४ लाख प्रकार. सर्व्हरच्या घड्याळाशी वेळ जुळवली की ते दोनेक लाखांवर येत, आणि पाच पानं दिसताच बाकी सगळ्यांच्या हातातली पानं साध्या संगणकालाही सांगता येत. यात लबाडी नव्हती, हलगर्जी होती. २००७ मध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’ या संकेतस्थळावर जे उघड झालं ती मात्र सरळ लबाडी होती. तिथल्या काही खात्यांना समोरच्यांची झाकलेली पानं दिसत होती. हे सरकारने शोधलं नाही, संशय आलेल्या खेळाडूंनीच डावांच्या नोंदी तपासून शोधलं.

मराठी खेळाडूच्या मोबाइलवर टेलिग्रामच्या दुव्यावरून आलेलं अ‍ॅप यांच्याहूनही खालच्या दर्जाचं असतं. त्यावर नऊ-सहाचा तक्ता दिसला तरी ते केवळ चित्र आहे. त्यामागचे पत्ते कोण पिसतं, हे तपासणारा इथे कोणीही नाही. ‘एव्हिएटर’सारख्या मोबाइलवरच्या जुगारांचा पुढचा आकडा आधी सांगणारी म्हणून विकली जाणारी अ‍ॅप्स तर उघड फसवणूक आहेत. पुढचा आकडा ज्याला खरंच कळतो त्याला तो पाचशे रुपयांना विकण्याची गरज काय?

जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका संशयित बुकीच्या घरावर छापा घातला. ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने केली होती. छाप्यात कोट्यवधींची रोकड, सोनं आणि चांदी सापडली. तक्रारीनुसार हा व्यापारी सुरुवातीला काही कोटी जिंकलाही होता. पहिल्या आठवड्यात पैसे जिंकून देणाऱ्या आणि ते लगेच खात्यावर पाठवणाऱ्या अ‍ॅपवर विश्वास बसतो. तो बसावा म्हणूनच ते पाठवलेले असतात.

बोनसची गोष्ट याच्या जवळची. हजार रुपयांचा बोनस मिळतो, पण अट असते की त्याच्या पस्तीस पट पैसे लावल्याशिवाय काही काढता येणार नाही. पस्तीस हजार रुपये लावताना शंभरामागे पाच गेले तरी सरासरी साडेसतराशे गेले. बोनस हजाराचाच. अनेक ठिकाणी व्हिडिओ पोकरवर लावलेल्या रुपयातले दहाच पैसे या अटीत मोजतात. मग पस्तीस हजारांचे साडेतीन लाख होतात. ही अट बारीक अक्षरात असते आणि पैसे काढायला गेल्यावरच वाचली जाते.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे. १९९२ च्या दुरुस्तीने तिथे पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला आणि १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यातल्या जहाजांवर टेबलवरच्या खेळांना परवानगी मिळाली. पुणे, कोल्हापूर, बेळगावहून निघणाऱ्या मित्रमंडळींच्या सहलीत मांडवीतल्या बोटीवरची एक रात्र आता ठरलेली असते. तिथे जाणाऱ्याने घालवायची ठरवलेली रोख खिशात न्यावी आणि कार्ड, फोनवरचं पेमेंट सगळं हॉटेलात ठेवावं. प्रवेशाच्या पॅकेजमधले चिप्स बहुधा एकदाच खेळता येतात, त्यांची रोकड होत नाही, हे आधी विचारून घ्यावं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या सरकारने गोव्यातल्या रहिवाशांना कॅसिनोत प्रवेश बंद केला आहे. आपल्या माणसांना जिथे पाठवायचं नाही, तिथे शेजाऱ्यांनी मात्र पगार घेऊन यावं, ही व्यवस्था महाराष्ट्राने मुकाट स्वीकारावी अशी नाही. महाराष्ट्राने स्वतः १९७६ चा कॅसिनो कायदा जवळपास अर्धं शतक अंमलात न आणता ठेवला आणि २०२३ मध्ये रद्द करायचं ठरवलं, हे योग्यच झालं.

फोनवरच्या जुगाराबाबत कायद्याचं चित्र ऑगस्ट २०२५ मध्ये बदललं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, संसदेने बंदीचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ लगेच थांबवले. परदेशात बसलेल्यांनी नाव आणि पत्ता बदलून दुकान चालूच ठेवलं. बंदीवर वाद होऊ शकतो, न्यायालयात तो गेलाही. पण खेळणाऱ्यासाठी आजचा अर्थ सरळ आहे: त्याच्या फोनवर जे कॅसिनो अ‍ॅप चालू आहे, त्याच्यामागे दाद मागण्याजोगं कोणी उरलेलं नाही.

याचा फटका जिंकणाऱ्यालाही बसतो. अशा अ‍ॅपचे पैसे भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून फिरतात आणि त्या खात्यांत इतर सायबर फसवणुकीचा पैसाही असतो. तपासाचा धागा पुढे सरकला की ज्याच्या खात्यात ते पैसे आले त्याचं खातंही गोठवलं जातं. पाच हजार जिंकलेल्याचा पगार त्याच खात्यात अडकतो आणि घराचा हप्ता चुकतो.

तेव्हा सल्ला द्यायचाच, तर तो असा. ज्याला व्हिडिओ पोकरचं गणित आवडतं त्याने ते बिनपैशाच्या सरावाच्या प्रोग्रामवर खुशाल खेळावं. खेळ म्हणून तो सुंदर आहे, आणि फ्लश मोडायचा की ठेवायचा याची मजा पैशावाचूनही येते. ज्याचे पैसे आधीच गुंतले आहेत त्याने गेलेले परत मिळवण्यासाठी एकही डाव लावू नये. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेत कमी करून घ्यावी, झटपट कर्ज देणारी अ‍ॅप्स फोनवरून काढावीत आणि गेलेली रक्कम, पूर्ण, घरातल्या एका तरी माणसाला सांगावी. हे सांगणं सगळ्यात अवघड असतं आणि बहुतेक घरं आकडा ऐकेपर्यंत अंधारात असतात. घरच्यांनीही कर्ज एकरकमी फेडून ‘आता पुन्हा नाही’ची शपथ घेऊन थांबू नये. हातात पुन्हा मोकळा पैसा आणि मोकळी रात्र आली की शपथ टिकत नाही. पैशांचे व्यवहार काही महिने दुसऱ्या कोणाच्या हाती असावेत. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं, मराठीतही. फसवणूक झाली असेल तर १९३० वर ताबडतोब फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीचे काही तासच हातात असतात.

सरकारने मात्र बंदीवर थांबू नये. जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात आठवड्याचा एक दिवस जुगाराच्या व्यसनासाठी राखून ठेवला जावा आणि तसा फलक बाहेर लागावा. बारावीच्या गणितात संभाव्यता शिकवताना पिशवीतल्या रंगीत चेंडूंबरोबर हा नऊ-सहाचा आणि सहा-पाचचा तक्ताही शिकवावा. मुलं तो चटकन समजतील, आणि तासाला सहाशेचा गुणाकार त्यांना समजावून सांगावा लागणार नाही. आणि पैसे घालवलेला माणूस धीर करून पोलीस ठाण्यात आला, तर त्याला आरोपीसारखं बाकावर बसवून ठेवू नये. केंद्राच्या नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे तक्रार लिहून घेणाऱ्या अंमलदारालाही माहीत असायला हवं.